वाऱ्याचा आकडा

"आक्सकाल, बसा ना," ती मुलगी म्हणाली आणि पुस्तकं छातीशी धरून उभी राहिली. जोमार्टनं आधी मागं वळून पाहिलं. मागं एक जाडजूड बाई आलुबुखारांची पिशवी सांभाळत उभी होती आणि तिच्यामागं बसचं दार होतं. म्हणजे आक्सकाल, पांढऱ्या दाढीचा म्हातारा, तो तोच होता. त्याला दाढी नव्हती. सकाळी दोनदा वस्तरा फिरवला होता, बायकोनं, बुरुलसुननं, त्याच्या मानेवरचे दोन केस कात्रीनं कापले होते आणि "नवरदेव निघाला" असं म्हणून कोटाची कॉलर सारखी केली होती. "नको, मी उतरणारच आहे," तो म्हणाला. उतरायला अजून पुष्कळ वेळ होता. मुलगी बसेना, तोही बसेना, आणि ती रिकामी जागा दोघांच्या मध्ये तशीच हिंदकळत राहिली. शेवटी आलुबुखारवाली बाई "कुणाला नको असेल तर मला चालेल, बाबांनो," म्हणत त्यात धपकन बसली. दोघं-चौघं हसले. जोमार्टही हसला. पण हसताना त्याला जाणवलं, की पोटात काहीतरी किंचित खाली गेलंय. उंचावर विमान हवेच्या एखाद्या पोकळीत जातं, तेव्हा जातं तसं. लगेच सावरणारं, पण गेलेलं.

बिश्केकवर कोळशाच्या धुराची मळकट चादर होती. दक्षिणेचे डोंगर दिसत नव्हते. ते दिसत नाहीत त्या दिवशी त्याला शहरात भिंत नसलेल्या खोलीत बसल्यासारखं वाटायचं. तीन वर्षांपूर्वी तो वैमानिक होता ती कंपनी बंद पडली, तेव्हापासून तो टॅक्सी चालवत होता, आणि गाडी सिग्नलला थांबली की नजर आपोआप दक्षिणेला जायची: ढग कुठं टेकलेत, कड्यावरचा बर्फ उडतोय का, उडत असेल तर कुठल्या बाजूला. मागं बसलेला प्रवासी म्हणायचा, "काका, हिरवा झाला." आज गाडी घरी ठेवून तो बसनं निघाला होता, कारण टॅक्सीचा पिवळा पट्टा असलेली गाडी अक-शुमकारच्या दारात उभी करायला त्याचं मन घेईना. अक-शुमकार ही नवी विमान कंपनी. तिनं दोन पंख्यांची नवी कोरी विमानं आणली होती आणि डोंगरातल्या बंद पडलेल्या धावपट्ट्या एकेक करून ती उघडणार होती. त्यात पहिली कोक-जारची. ही बातमी टीव्हीवर लागली तेव्हा बुरुलसुन शिवणाच्या मशीनवर होती. तिनं पाय थांबवला आणि म्हणाली, "आता तर तुलाच बोलावतील. तिथं दुसरं कोण उतरलंय?" खरंच, दुसरं कोण उतरलं होतं? जे उतरले होते त्यांतले काही मातीखाली होते, काही मुलांकडे रशियात नातवंडं सांभाळत होते. त्यानं अर्ज केला. दोन दिवसांत संगणकाचं उत्तर आलं, की आपण अटींत बसत नाही. त्यावर त्यानं आठवडाभर विचार केला आणि मग कानिमेतला फोन केला. कानिमेत अक-शुमकारचा मुख्य वैमानिक होता. एके काळी तो जोमार्टच्या उजव्या हाताला, सहवैमानिकाच्या खुर्चीत बसायचा. "अगाय, तुम्ही या तर खरं," तो म्हणाला होता. अगाय म्हणजे गुरुजी. तो अजून अगायच म्हणत होता, एवढ्यावर जोमार्टनं कोट इस्त्रीला काढला होता.

कार्यालयात नव्या गालिच्याचा वास होता. बेगिमाई नावाची एक मुलगी भरतीचं काम बघायची. ती इतकी नम्र होती, की तिच्यावर रागावायला कुठं जागाच सापडेना. तिनं चहा विचारला, खुर्ची पुढं ओढली, संगणकाचा पडदाही त्याला दिसेल असा वळवला. "हे बघा ना, इथं विमानाचा प्रकार निवडायचा असतो. ही यादी. यात तुमचं याक नाहीच."

"मग मी काय निवडलंय?"

"तुम्ही 'इतर' निवडलंय."

आयुष्यभराचं उडणं त्या 'इतर'मध्ये बसलं होतं. तीन इंजिनांचं याक, शेपटीखालून उघडणारा त्याचा जिना, त्या जिन्यावरून खूर घसरत चढणाऱ्या मेंढ्या, एका लग्नात आणलेलं अख्खं वऱ्हाड, नवरीच्या मांडीवर आरसा, आणि नारीनला उतरल्यावर तिनं विचारलेलं, "आता आपण जमिनीवर आहोत ना नक्की?" त्याला एकाएकी हसू आलं. बेगिमाईही, काही न कळता, हसली. मग तिनं अटी सांगितल्या. नव्या प्रकारच्या विमानावरचे तास हवेत, आणि त्यातले काही गेल्या वर्षभरातले हवेत. जुन्या विमानांचे तास धरत नाहीत. निम्मे? निम्मेही नाहीत.

"पोरी, ते विमान देशात फक्त तुमच्याकडे आहे," जोमार्ट म्हणाला. "तुमच्याकडे नोकरी लागल्याशिवाय मी ते उडवणार कसा? आणि उडवल्याशिवाय तुम्ही नोकरी देणार नाही."

"हो," बेगिमाई म्हणाली. तिनं ते नाकारलं नाही, याचंच त्याला जास्त वाटलं. "बरेच जण हेच म्हणतात. काहीजण तुर्कस्तानात जाऊन स्वतःच्या खर्चानं शिकून येतात."

"राहतं घर विकून?"

"हो, काहीजण तसंही," ती हळूच म्हणाली आणि पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला.

तेवढ्यात कानिमेत आला. अंगानं भरला होता, कानशिलं पांढरी झाली होती, पण चालणं तेच, डावा खांदा जरा पुढं काढून. त्यानं दोन्ही हातांत जोमार्टचा हात धरला, बुरुलसुन वहिनींची चौकशी केली, मॉस्कोतल्या लेकीची केली आणि त्याला आपल्या खोलीत नेलं. टेबलावर चहाचे वाडगे, वाळवलेले जर्दाळू, भिंतीवर नव्या विमानाचा फोटो. "अगाय, माझ्या हातात असतं ना—" त्यानं सुरुवात केली.

"मग कुणाच्या हातात आहे?"

"विमानं भाड्याची आहेत. ज्याचं विमान त्याची अट. आणि त्याच्यावर विमावाला. त्याची वेगळी अट."

"तो कुठं बसतो?"

"एक आयर्लंडमध्ये. दुसरा लंडनला असेल."

"त्यानं कोक-जार पाहिलंय?"

"कोक-जार?" कानिमेत हसला. "अगाय, त्याला किर्गिझस्तान नकाशात दाखवता आला तरी मी त्याला घोडा भेट देईन."

दोघं मोकळेपणानं हसले. पूर्वी कॉकपिटमध्ये हसायचे तसे. त्या हसण्याच्या आडोशानं जोमार्ट म्हणाला, "मला शिकव ना तू. दोन महिने दे. तुला मी दोन महिन्यांत शिकवलं होतं, आणि तू तर डावं-उजवंही चुकायचास."

कानिमेतनं वाडगा खाली ठेवला. "खरं सांगू? तुम्ही मागच्या रांगेत प्रवासी म्हणून बसलाय असं समजा. शेजारी वहिनी आहेत. आणि पुढं बसलेल्या माणसानं हे विमान आजवर कधी चालवलं नाही. बाकी सगळं चालवलंय, पण हे नाही. काय वाटेल?"

"तो माणूस कोण आहे, ते आधी विचारीन."

"हां. ते विचारायचीच सोय नाही आता." मग थोडं थांबून, जर्दाळू बोटांत फिरवत तो म्हणाला, "आणि शिकवायचा खर्च ते पोरांवर करतात, अगाय. पोरं पुढं तीस वर्षं उडतील. तुम्ही—" तिथं तो अडखळला आणि "घ्या ना, जर्दाळू बातकेनचे आहेत," असं म्हणाला.

जोमार्टनं जर्दाळू घेतला. तो चावताना त्याला वाटलं, की आता आपल्याला संताप यायला हवा. त्यानं त्याची वाटही पाहिली. पण संताप यायला समोर कुणीतरी लागतं. बेगिमाई नव्हती, कानिमेत नव्हता, आणि आयर्लंडमधला तो न पाहिलेला माणूस तर फक्त आपल्या विमानाची काळजी करत होता. जोमार्टनंही आयुष्यभर विमानाचीच काळजी केली होती. त्याचं म्हणणं चूक आहे असं ठासून सांगता येईना आणि बरोबर आहे असं गिळताही येईना. "जरा खाली चला," कानिमेत अचानक म्हणाला.  "सिम्युलेटर रिकामा आहे. बसून तर बघा."

तळघरात, पांढऱ्या डब्यासारख्या एका खोलीत, नव्या विमानाचं कॉकपिट मांडलं होतं. जोमार्ट डाव्या खुर्चीत बसला. पट्टे आवळले आणि पाठीला ती खुर्ची ओळखीची वाटली, सगळ्या खुर्च्या सारख्याच असतात. पण समोर घड्याळासारख्या तबकड्या नव्हत्या. मोठमोठे पडदे होते आणि त्यांवर रंगीत अक्षरं, आकडे, रेघा एकमेकांना न धडकता सरकत होत्या. दिवसरात्र गजबजलेल्या ओश बाजारात कुणी आवाज बंद करून आपल्याला सोडून द्यावं तसं ते होतं. कानिमेतनं उजवीकडे बसून काय कुठं आहे ते सांगितलं आणि विमान हवेत सोडलं. पहिली काही मिनिटं बोटं गोंधळली. मग कानिमेतनं आडवा वारा सोडला, आणि हातांना एकदम काम मिळालं. विमान डावीकडे ढळायच्या आत त्याचा हात तिकडं पोचला होता. धावपट्टी खिडकीत तिरकी उभी राहिली, तशीच जवळ येत गेली, आणि अगदी शेवटी त्यानं ती अलगद सरळ केली. चाकं टेकली ते कळलंही नाही. "आय, अगाय!" कानिमेत ओरडला. तो जुन्या सहवैमानिकाचा आवाज होता. जोमार्टनं खुर्ची थोडी पुढं ओढली. "पुन्हा," तो म्हणाला. "याहून वाईट वारा दे."

पुन्हा उडाले. यावेळी वारा खरंच वाईट होता आणि तो त्याच्याशी झोंबत होता, सुखात होता. कान इंजिनाकडे होते. आयुष्यभर ते तिथंच असायचे. याकचं मधलं इंजिन कुरकुरायच्या आधी तळव्यांना कळायचं. इथलं इंजिन एका ध्वनिक्षेपकातून वाजत होतं आणि ते एकसुरी, निरोगी वाजत होतं. मग त्याला दिसलं, की कानिमेतचा हात पुढं आला आणि कोपऱ्यातली एक कळ हलकेच दाबून मागं गेला. पडद्याच्या तळाशी इशाऱ्याची एक पिवळी ओळ होती, ती विझली. ती किती वेळ तिथं होती?   विमान जोमार्टनं नीट उतरवलं, पट्टे सोडले, आणि सोडताना त्याला आठवलं, की तो स्वतः अगदी असाच हात पुढं करायचा. कानिमेत नवा होता तेव्हा. पोरगं लाजू नये म्हणून काही न बोलता, खिडकीबाहेर पाहत. "तेवढं काय, सवयीचं असतं," कानिमेत जिना चढताना म्हणाला. "हो," जोमार्ट म्हणाला. हे न बोलता दोघांना कळलं, यात दोघांपैकी कुणाचीच सुटका नव्हती.

वर आल्यावर कानिमेतनं दुसरी गोष्ट काढली. बहुधा ती आधीपासूनच ठरवून ठेवली होती. कोक-जारला कसं उतरायचं हे कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. डाव्या खुर्चीसाठी पोर्तुगालहून माणूस आणला होता, तिशीतला, या विमानावर हवे तेवढे तास असलेला. डोंगर त्यानं पाहिले होते ते सुट्टीत. बाकी इथलीच पोरं. "तुम्ही त्यांना शिकवा. दोन-तीन सकाळी. खिंड, वारा, नदीकडून येतो तो झोत, सगळं. तुमच्याशिवाय कोण सांगणार?" जोमार्टनं खिडकीतून खाली पाहिलं. रस्त्यावर एक माणूस पिंपातून माक्सिम, धान्याचं आंबट पेय, विकत होता, पेल्यावर पेला. "म्हणजे मला माहीत आहे ते तुम्हाला हवंय," तो म्हणाला, "फक्त मी नकोय." कानिमेतनं मान खाली घातली. मुख्य वैमानिकाचा कोट घातलेला तो माणूस क्षणभर पंचवीस वर्षांचा दिसला. "असं नका म्हणू, अगाय." "मग कसं म्हणू?" 

घरी बुरुलसुन अंगणातल्या नळावर गाजरं धूत होती. तिनं चेहरा पाहिला आणि काही विचारलं नाही. शेवयांचं लाग्मान वाढल्यावर त्यानंच सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी. पिवळ्या ओळीचं सांगितलं नाही. "जाऊन शिकव की," ती म्हणाली. "नाहीतरी घरात मला शिकवतच असतोस, चहा किती उकळायचा, दार कसं लावायचं. तिथली पोरं निदान ऐकून तरी घेतील." "माझ्या जागेवर बसणाऱ्यांना मी शिकवू?" "नाही शिकवलंस म्हणून ते उडायचे थांबणार आहेत का?" तिनं त्याच्या ताटात आणखी रस्सा ओतला. मग हात फडक्याला पुसत, वेगळ्याच आवाजात म्हणाली, "त्या विमानात आपलेच लोक बसणार, जोमार्ट. तुझी बहीण कोक-जारला राहते."  शेवया गार होत गेल्या. त्यानं फोन उचलला आणि कानिमेतला "येतो" म्हणून सांगितलं. ते सांगताना त्याला वाटलं, की आपण आजवर जेव्हा जेव्हा हो म्हणालो, तेव्हा समोर नाही म्हणायला जागाच नव्हती.

वर्गात पाच जण होते. भिंतीवर कोक-जारचा नकाशा, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, खिडकीत स्वच्छ ऊन. पोर्तुगालचा कप्तान पहिल्या रांगेत बसला होता, आदबीनं, हात मांडीवर ठेवून. जोमार्टला तो वाईट वाटावा असा नव्हताच. त्याच्याशेजारी मीरीम नावाची पोरगी होती, लेकीपेक्षाही लहान असेल. ती सहवैमानिक होती आणि जोमार्टचं बोलणं हळू आवाजात त्याला इंग्रजीत सांगत होती. कानिमेत मागं दाराशी उभा होता. जोमार्टनं नकाशावर बोट ठेवलं. "ही खिंड. ही ओलांडली की खाली दरी दिसते, सुंदर दिसते, आणि माणूस सैल पडतो. तिथं सैल पडायचं नाही. कारण दक्षिणेचा वारा असला तर तो कड्यावरून खाली ओतत असतो. पाणी ओततं तसा. दिसत काहीच नाही." मीरीम सांगत होती, पेनं चालत होती. "मग काय करायचं?" कप्तानानं विचारलं, आणि मीरीमनं ते किर्गिझमध्ये पुन्हा विचारलं.

काय करायचं? जोमार्टचा उजवा हात आपोआप उचलला गेला आणि हवेत थोडा पुढं, थोडा डावीकडे झाला. सगळे त्या हाताकडे पाहू लागले. त्याला तो हिवाळ्यातला दिवस दिसला. मागं अडलेली बाळंतीण, तिची आई, मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेली माणसं. खिंड ओलांडताच विमान खाली बसत गेलं. तिन्ही इंजिनं पूर्ण ताकदीवर होती आणि तरी ते बसत गेलं, जणू कुणी खांद्यावर हात ठेवून दाबत होतं. यंत्रज्ञ वालेन्तिन पेत्रोविच गुणगुणायला लागला. तो भ्यायला की गुणगुणायचा. शेजारी कानिमेतचा चेहरा खडूसारखा. शहाणपण सांगत होतं, की कड्यापासून लांब हो, दरीच्या मध्यावर जा. आणि त्यानं विमान समोरच्या कड्याकडे वळवलं. थेट खडकाकडे, इतकं जवळ, की बर्फातून वर आलेली झुडपं दिसली. आणि तिथं, त्या खडकाला धडकून वर चढणाऱ्या वाऱ्यानं, विमान उचललं. बाळंतीण वाचली, मूल वाचलं. खाली उतरल्यावर कानिमेतनं विचारलं, "अगाय, तुम्हाला कसं कळलं?" आणि तो हसून म्हणाला होता, "कळतं." पण काय कळलं होतं? पुढं कितीतरी वर्षं त्यानं स्वतःला विचारलं होतं. बर्फ उडताना दिसला होता का? की लहानपणी, मेंढ्या चारताना, गरुड त्या बाजूनं वर चढतात ते पाहिलं होतं? की हात नुसताच गेला, भीतीनं, आणि डोंगरानं त्या दिवशी सोडून दिलं? ज्याला सगळे अनुभव म्हणत होते, त्याच्या आत हे होतं, आणि त्याला नाव नव्हतं.

"समोरच्या कड्याकडं जायचं," तो म्हणाला. "वारा तिथं वर चढतो."

मीरीमनं सांगितलं. कप्तानानं भुवया उंचावल्या, दोन वाक्यं बोलला. "तो म्हणतो," मीरीम म्हणाली, "की हे हातानं, जवळ जाऊन करायचं, तर कंपनीचे नियम परवानगी देणार नाहीत. आणि नव्या माणसानं केलं तर तो आदळेल."

"बरोबर आहे," जोमार्ट म्हणाला. "आदळेल."

"मग त्यापेक्षा त्या दिवशी जायचंच नाही, हे बरं. पण तो दिवस ओळखायचा कसा, अगाय? वारा किती असला की जायचं नाही?"

मीरीमही अगाय म्हणाली होती. जोमार्टनं नकाशाकडे पाहिलं. किती असला की? काही दिवस वारा थोडाच असायचा आणि खिंड आतून सडलेली असायची. काही दिवस वादळ घोंगावत असायचं आणि दरीत हवा लोण्यासारखी मऊ. ढगाची कड पाहायची, बर्फाचा धूर पाहायचा, आदल्या दिवशी ऊन किती होतं ते आठवायचं, आणि तरी शेवटी काहीतरी छातीत हो किंवा नाही म्हणायचं. हे त्यानं सांगायचा प्रयत्न केला. कड, धूर, ऊन. पेनं थोडी चालली आणि थांबली. पाच चेहरे वाट पाहत होते, चांगले, हुशार, लक्ष देणारे चेहरे. दाराशी कानिमेतनं अगदी हलकेच मान हलवली, विनवल्यासारखी. त्याला नियमांच्या पुस्तकात काहीतरी लिहावंच लागणार होतं. आणि बहिणीचा नवरा, तिची मुलं, कोक-जारची माणसं या पोरांच्या मागं पट्टे बांधून बसणार होती. त्यांना काहीच न सांगता सोडायचं तरी कसं?

"सेकंदाला पंधरा मीटर," जोमार्टच्या तोंडून गेलं.

पाचही पेनं एकदम चालली. कानिमेतनं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि भिंतीवरच्या फळ्यावर येऊन तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या. "हे आपण नियमात घालू," तो म्हणाला. "अगायंच्या नावानं." तो आकडा फळ्यावर फार ठाम दिसत होता. जोमार्ट त्याच्याकडे पाहत राहिला. तो कुठून आला हे त्याला सांगता आलं नसतं. हिवाळ्यातल्या त्या दिवशी हवामानवाल्यानं वारा किती सांगितला होता, तेही आता आठवत नव्हतं. कदाचित नऊ, कदाचित दहा. ते पुसून टाक, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण पुसल्यावर तिथं काय लिहायचं, ते त्याच्याजवळ नव्हतं.

"आणि चौदा असला तर?" मीरीमनं विचारलं. पेन वहीवर टेकलेलंच होतं. तिच्या विचारण्यात खोच नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं, कारण खुर्चीत ती बसणार होती.

जोमार्टनं तिच्याकडे पाहिलं. कपाळावर बारीक पुटकुळ्या, नखं आखूड कापलेली, डोळे स्वच्छ.

"चौदा असला तर," तो म्हणाला, "जायचं."

तिनं तेही लिहून घेतलं.